मशीनपुढची ओल

१

मी सांगितलं तेव्हा कुणीच खरं मानलं नाही. मॅडमनी नाही, वायरमननं नाही, प्राचार्यांनी तर ऐकूनही घेतलं नाही. फरशी ओली आहे म्हणून ओरडणारी बाई रोज तीच फरशी पुसत असेल, तर तिचं कोण ऐकणार? ज्याच्या हातात फडकं, पाणी त्याच्याच माथी.

मी भामाबाई. नांदेडच्या एका कॉलेजात ठेकेदाराकडून सफाईला आहे. मागच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, एक खोली जवळपास चाळीस वर्षं कुलपात होती. आत एक जुना कॉम्प्युटर. मिनी कॉम्प्युटर म्हणतात त्याला. मिनी! दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत एवढा तो होता. तोंडावर स्विचांची रांग, वर बारीक दिव्यांची रांग, आणि पोटात उंदरांची चार पिढ्यांची घरं.

उज्ज्वला मॅडमनी ती खोली उघडली. मॅडम लातूरच्या, इथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. कॉलेजला पन्नास वर्षं होणार होती. त्या दिवशी हे धूड चालू करून दाखवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. सगळे हसले. मी हसले नाही. त्या खोलीत मला माझं काम होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

२

पहिले पंधरा दिवस मी नुसती धूळ काढली. मग एका दुपारी मॅडम कपाटातून एक हिरवी पाटी बाहेर काढून बसल्या. तिला कार्ड म्हणतात. कार्डाच्या एका काठाला सोनेरी दात असतात. ते काळे पडले होते. मॅडम खोडरबरानं घासत होत्या आणि मधूनच पाटी वाकवत होत्या.

"मॅडम, असं दाबू नका, मोडंल ते," मी म्हणाले. "द्या इकडं."

मी एका अंगानं, हलक्या हातानं, एकेक दात घासला. जन्मभर डाळी-तांदूळ निवडलेत, बारकं काम मला कुणी शिकवायला नको. मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं.

"भामाबाई, उद्यापासून झाडू दुसऱ्या कुणाला द्या. तुम्ही इथं बसा."

एकूण बेचाळीस कार्डं होती. आधी मऊ कुंचला, मग स्पिरिट, मग खोडरबर, मग परत कुंचला. साफ झालं की कागदात गुंडाळून फळीवर. असं रोज दोन-तीन. वायरमन निवृत्ती दारात उभा राहून चिडवायचा.

"काय मावशी, इंजिनिअर होऊन राहिल्या काय?"

"तू झालास का? मग मला कशाला इचारतोस?"

दहावं कार्ड फळीवर गेलं तो शनिवार होता. कुलूप मीच लावलं, किल्ली ऑफिसात दिली. सोमवारी सकाळी दार उघडलं तर मशीनच्या पुढं फरशीवर तळहाताएवढी ओल.

एप्रिल महिना. नांदेडचा उन्हाळा. घागरीतलं पाणी आटतं तिथं फरशी कशी ओली राहील? वर पाहिलं, छत कोरडं. त्या भिंतीत नळ नाही. मी बोट लावलं. चिकट होतं. वास घेतला. नारळाच्या पाण्याचा वास.

निवृत्तीला हाक मारली. तो आला, वाकला, आणि हसला.

"मावशी, फडकं पिळून घेत जा की जरा."

माझ्या अंगावर काटा आला. ओलीमुळं नाही. हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं.

३

आता ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी आई साखराबाई. याच कॉलेजात, याच खोलीत झाडलोट करायची. शहाऐंशी साली खंडेनवमीला इथं एक माणूस मेला. मन्मथ त्याचं नाव, मशीन चालवणारा ऑपरेटर, सव्वीस वर्षांचा. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जायचे, देवळात जावं तसं. धूळ नको म्हणून. मन्मथ अनवाणी उभा होता, खाली ओलं होतं, मशीनच्या पत्र्यात करंट उतरला होता. हात लावला आणि गेला.

चौकशी झाली. कागदावर आलं, साखराबाईनं फरशी ओली ठेवली. आई ओरडून सांगत होती, त्या खोलीत ओलं फडकं न्यायची मनाईच होती, मी कोरड्यानंच पुसलं. तेव्हाचा कुणी बाबू तिला म्हणाला होता, फडकं पिळून घेत जा म्हणावं पुढच्या जागी. पुढची जागा कुठली? तिला कुणी कामावर घेतलं नाही. आम्ही लोह्याकडं आमच्या गावी गेलो. तिथंही बातमी आमच्या आधी पोचली होती. हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावत नव्हतं. माणूस मारलेली बाई म्हणायचे. मी चौथीत होते, तिथंच शाळा सुटली. आई पंधरा वर्षं जगली आणि रोज एकदा तरी म्हणायची, "म्या कोरडंच पुसलं होतं गं."

म्हणून मी या कॉलेजात काम धरलं. सासरच्या नावानं. बारा वर्षं त्या कुलपासमोरून झाडू मारत गेले.

आणि त्याच सोमवारी मॅडमनी मला एक मोठा छापलेला कागद दाखवला. मशीनशेजारी लावायचा फलक. मशीन कधी आलं, त्यावर काय काय केलं, सगळं. शेवटची ओळ मी अक्षर अक्षर लावून वाचली. 'सफाई कामगार साखराबाई यांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातानंतर यंत्र बंद करण्यात आले.'

म्हणजे मेल्यावर आता भिंतीवर.

"मॅडम, ही ओळ लावू नका."

"का? फाइलमध्ये असंच आहे."

"साखराबाई माझी माय होती. फाइल खोटी हाय."

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "भामाबाई, मला पुरावा लागेल. नुसत्या सांगण्यावर मी ओळ काढली तर उद्या मलाच विचारतील."

"किती दिवस हायेत?"

"कार्यक्रम दहा जूनला."

"बास झाले," मी म्हणाले.

४

ओल रोज वाढत गेली. पंधरा कार्डं झाली तेव्हा ताटाएवढी, पंचवीस झाली तेव्हा परातीएवढी. मी पुसायची, दुसऱ्या दिवशी परत. सकाळी दहाला उघडावं तर ओली, दुपारी जेवून यावं तर ओली. मॅडम बघायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही आत्ताच पुसलंय ना?" बघा, शिकलेली बाई, मनानं चांगली, तरी तेच.

मला भूतबित काही मानायचं नव्हतं. मी आधी साधी कारणं शोधली. फरशीखाली पाइप? निवृत्तीला विचारलं, नाही. उंदीर? उंदराला नारळपाणी कुठून? माझं डोकं फिरलं? मग वास मॅडमला कसा येतो? एकदा त्याच म्हणाल्या, "कुणी नारळ फोडला का इथं?"

मग मी माझी बादली, फडकं, खराटा सगळं ऑफिसात जमा केलं आणि मॅडमना सांगितलं, "दोन दिवस किल्ली तुमच्या पर्समधी ठेवा. मी या इमारतीत पाय ठेवत न्हाई." दारापाशी खडूची भुकटी पसरली, कुणी गेलं तर उमटावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच दार उघडलं. भुकटी जशीच्या तशी. आणि आत, मशीनपुढं, ओल. या वेळी तिच्या कडेला एक पाऊल होतं. अनवाणी, उजवं. बोटं मशीनकडं.

मी चप्पल काढून माझं पाऊल शेजारी धरलं. ते माझ्याहून चार बोटं मोठं होतं.

मॅडम दारातच होत्या. "हवेत दमट..." असं काहीतरी सुरू केलं आणि स्वतःच थांबल्या. नांदेडला एप्रिलमध्ये दमट हवा!

"एकच पाऊल कसं?" त्या हळूच म्हणाल्या.

"दुसरं आत असंल," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते का निघालं मला माहीत नाही. पण दोघींनी एकदमच मशीनकडं पाहिलं, आणि त्या दिवशी मॅडमनी काम लवकर बंद केलं.

५

सगळ्यात शेवटी राहिला होता वीज देणारा डबा. कपाटाच्या तळाशी, गंजलेल्या स्क्रूंनी धरलेला, गव्हाच्या पोत्यासारखा जड. निवृत्तीनं आणखी दोघं आणले, शिव्या घालत बाहेर ओढला. टेबलावर ठेवून झाकण काढलं.

आत कुंकू होतं.

चाळीस वर्षांचं, काळसर, पण कुंकूच. करवंटीचा नखाएवढा तुकडा. आणि तांब्याच्या तारांवर चढलेला हिरवा ओघळ. मॅडमनी बॅटरी घेतली आणि तो ओघळ उलटा वर वर शोधत गेल्या. डब्यापासून कपाटाच्या आतल्या पत्र्यावर, तिथून वर, आणखी वर, थेट माथ्यावरच्या जाळीपर्यंत. जाळीच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडच्या बाजूला, पत्र्याला एक खोल पोचा होता. पुढून दिसत नाही. मलाही स्टुलावर चढून हात फिरवला तेव्हा लागला.

"नारळ इथं फोडलाय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "पाणी वरून आत गेलं, विजेच्या तारांवर पडलं, उरलेलं खाली फरशीवर. भामाबाई, हे पाणी फरशीवरून आलेलंच नाही."

"फडकं माथ्यावर चढतं का मॅडम?"

"नाही चढत."

"मोठ्यानं बोला. निवृत्ती, ऐक."

निवृत्तीनं कान धरले. "चुकलो मावशी. हाव, चुकलो."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडले नाही. रडायला काय झालं? जिंकत होते मी.

पण मॅडम बाहेर आल्या त्या फाइल घेऊन. "साखराबाईंची ओळ मी काढते. पण मग कारण काय लिहू? नारळ कुणी फोडला? फाइलमध्ये पूजेचा उल्लेखच नाही. तेव्हाचे विभागप्रमुख शिवमूर्ती साहेब. त्यांचा जबाब आहे, त्या दिवशी मी रजेवर लातूरला होतो. मन्मथ तर गेला. कारण अज्ञात लिहावं लागेल."

"अज्ञात लिहिलं तर लोक माझ्या मायचंच नाव घेतील, मॅडम. तोंडाला पाठ झालंय ते."

"दहा तारखेला प्रमुख पाहुणे तेच आहेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांनाच विचारू."

६

डबा साफ झाला. मग मॅडमनी त्याला वीज द्यायला सुरुवात केली, थेट नाही, डिमरमधून. आज तीस व्होल्ट, उद्या साठ, परवा नव्वद. आत वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर असतात, इतक्या वर्षांनी एकदम करंट दिला तर फुटतात. उपाशी माणसाला आधी पेज पाजावी तसं. वीज नीट येते का ते बघायला पुढं मशीनऐवजी गाडीचे दिवे जोडून ठेवले होते. आठव्या दिवशी ते पूर्ण उजेडानं लागले आणि मॅडमनी माझा हात दाबला.

त्या सगळ्या दिवसांत फरशी कोरडी होती. ठणठणीत. डबा बाहेर काढला तेव्हापासून एक थेंब नाही. मॅडमला हायसं वाटलं. मला नाही. रोज सकाळी दार उघडताना मला असं वाटायचं की आत कुणीतरी बसून आहे आणि आपल्यासारखंच दिवस मोजतंय.

नऊ जूनला आम्ही डबा परत बसवला. बेचाळीस कार्डं मी माझ्या हातानं खाचेत सारली. शेवटचं कार्ड आत गेलं आणि खट् झालं. खट् माझ्या कार्डाचं. पण लगेच आणखी एक खट् झालं, कपाटाच्या मागं, कुणी टाच टेकावी तसं.

मी मागं जाऊन पाहिलं नाही. "उद्या," एवढंच म्हणाले.

७

दहा जून, सकाळी अकरा. खोलीत पंचवीस-तीस माणसं. प्लग टेबलावर काढून ठेवलेला, मुहूर्ताला मॅडम लावणार आणि साहेब किल्ली फिरवणार, असं ठरलं होतं.

शिवमूर्ती साहेब लातूरहून गाडीनं आले. सत्याहत्तर वर्षांचे, पांढरे केस, हसरा चेहरा. अर्धं कॉलेज पाया पडलं. दारात थांबून त्यांनी चपला काढल्या. "कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणीच यायचं, हा आमचा नियम," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी कौतुकानं पायातलं काढलं.

"कुणी काढू नका!" मी ओरडले. "वीज हाय आत. पायात ऱ्हाऊ द्या."

प्राचार्यांनी डोळे वटारले. लोकांनी मात्र घाईघाईनं परत घातल्या. साहेब एकटेच अनवाणी आत गेले.

कुणीतरी आरतीचं ताट केलं होतं. मॅडमनी बजावलं होतं, नारळ बाहेर व्हरांड्यात फुटेल. पण प्राचार्य घड्याळ बघत होते. "साहेब, मुहूर्त जातोय. लवकर."

ते शब्द ऐकले आणि साहेबांचं जणू वय उतरलं. त्यांनी ताटातला नारळ उचलला, मशीनला कुंकू लावलं, डाव्या बाजूनं वळून कपाटाच्या कडेला गेले, मान वर न करता हात उंचावला, आणि नारळ थेट त्या कोपऱ्याकडं नेला. त्या पोच्याकडं. पुढून न दिसणाऱ्या.

मी त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, तुम्ही तर त्या दिवशी लातूरला होता. मग हाताला ही जागा कशी ठाऊक?"

साहेब हसले. "अहो बाई, सवय..."

"कसली सवय? मशीन आलं त्या सालची ती पहिलीच खंडेनवमी होती. दुसरी आलीच न्हाई."

त्यांचं हसू तिथंच राहिलं, चेहरा खालून निघून गेला.

आणि तेव्हा पंखे फिरायला लागले. मशीनच्या पोटातले. आधी सावकाश, कण्हल्यासारखे. मी टेबलाकडं पाहिलं. प्लग टेबलावरच होता, त्याच्या तिन्ही पिना उघड्या. सगळ्यांनी पाहिला. दिव्यांच्या रांगेतला एक दिवा लागला, मग शेजारचा.

वास आला. साहेब खाली बघत होते. त्यांच्या पायांभोवती फरशी ओली होत होती, गोल, हळूहळू, बोटांमधून वर येत होती. नारळ तर त्यांच्या हातात अखंड होता. आणि त्यांच्या पावलांसमोर दोन पावलं उमटली. उजवं आणि डावं. या वेळी बोटं मशीनकडं नव्हती. त्यांच्याकडं होती.

साहेबांची नजर वर आली आणि एका जागी थांबली. माझ्या खांद्यापलीकडं, माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

मी वळले. शपथेवर सांगते, पूर्ण असं काही दिसलं नाही. दोन कपाटांच्या मधल्या फटीत, जिथं माझा पंजासुद्धा पुरता जात नाही, तिथं एक टाच होती. ओली, पांढरी. मी बघते न बघते तोच ती आत ओढली गेली.

"मन्मथ," साहेब म्हणाले. आवाज लहान पोराचा झाला होता. "तू म्हणाला होतास, साहेब वाळू द्या. मीच म्हणलं, मुहूर्त जातोय, लाव हात. मीच म्हणलं रे. रजेचा अर्ज नंतर लिहिला. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. सोड आता, सोड..."

त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. पण त्यांना पाऊल उचलता येत नव्हतं, हे तीस माणसांनी पाहिलं.

८

पंखे थांबले. दिवे विझले. साहेब मटकन खाली बसले, तसं दोघांनी उचलून व्हरांड्यात नेलं. जिवाला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले उन्हानं झालं असेल. म्हणोत.

प्राचार्य मला म्हणाले, "भामाबाई, ती फरशी तेवढी पुसून घ्या पटकन."

"न्हाई," मी म्हणाले. "हे पाणी माझ्या मायनं सांडलं न्हाई आणि मी पुसणार न्हाई. ज्याचं हाय त्याला बोलवा."

कुणी पुढं आलं नाही. आम्ही सगळे उभं राहून बघत होतो आणि ते पाणी कडेकडेनं आपोआप आटत गेलं. पावलं शेवटी गेली. मी वाकून हात फिरवला. कोरडं.

मग मॅडमनी पुन्हा एकदा सगळं तपासलं, प्रत्येक तार, प्रत्येक जोड, पत्र्यात करंट उतरतो का ते मीटर लावून दोनदा. साडेबाराला प्लग लावला. किल्ली माझ्या हातात दिली.

"मुहूर्त टळलाय, मॅडम," निवृत्ती हळूच म्हणाला.

"टळू दे," मी म्हणाले, आणि फिरवली.

पंखे एका दमात सुटले. दिव्यांची सगळी रांग लागली, लाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पळायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपाटाच्या पत्र्याला मी तळहात लावला. ऊब होती, बाकी काही नाही. लोह्याला जाऊन घरोघर सांगायचं मी तिथंच ठरवलं, एकही उंबरा सोडायचा नाही.

गर्दी ओसरल्यावर मॅडमनी फलकाचा कागद टेबलावर घेतला आणि शेवटची ओळ पेनानं खोडली. खाली कोरी जागा ठेवली. बाजूला कामाची वही उघडली. त्यात प्रत्येक बिघाड आणि त्याचं कारण लिहायचा रिवाज होता, पहिल्या दिवसापासून.

"बिघाड, वीजपुरवठ्यात पाणी," त्या लिहिता लिहिता बोलत होत्या. "परिणाम, ऑपरेटर मन्मथ यांचा मृत्यू. कारण..." त्या थांबल्या. "भामाबाई, मोठं नाव आहे. मी लिहू?"

"आणा," मी म्हणाले. पेन घेतलं, आणि फाइलीतल्या जबाबावरचं साहेबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकही वेलांटी न चुकवता लिहिलं.

शिवमूर्ती गुरुलिंग हलकुडे.